गावकुसाबाहेरची जमीन शहराच्या मध्यावर आली तेव्हा : पुण्याचा विस्तार, ओढे आणि आपल्या वस्त्या

शहर वाढते म्हणजे काय होते, असा प्रश्न विचारला तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उंच इमारती, उड्डाणपूल आणि मेट्रो येते. पण त्याआधी एक बदल कागदावर झालेला असतो. कालपर्यंत नकाशात हिरव्या रंगात असलेला पट्टा पिवळा होतो, म्हणजे शेतीची जमीन रहिवासी विभागात येते. त्या एका रंगबदलाने जमिनीची किंमत अनेक पटींनी वाढते, तिच्यावर पडणाऱ्या पावसाचा रस्ता बदलतो आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या माणसांचे भवितव्यही बदलते.

पर्यावरणाची चर्चा आपल्या समाजात अजूनही ‘झाडे लावा’ या कार्यक्रमापुरती राहते. आरक्षण, शिष्यवृत्ती, अत्याचार हे आपले प्रश्न आणि नदी-टेकडी हा कोथरूड-डेक्कनच्या मंडळींचा प्रश्न, असे एक विभाजन आपण नकळत मान्य केले आहे. हे विभाजन चुकीचे का आहे, हे पुण्याच्या उदाहरणावरून समजून घेऊ. पुणे घेण्याचे कारण असे की तिथे महार वतनाची जमीन, ओढ्याकाठची वस्ती, कचरा डेपो आणि गायरान हे सगळे विषय एकाच शहराच्या परिघात सापडतात.

वाढलेले शहर, गिळलेली गावे

१९९७ मध्ये पुणे महापालिकेत २३ गावांच्या समावेशाची प्रक्रिया झाली. २०१७ मध्ये आणखी ११ गावे आली आणि २०२१ मध्ये पुन्हा २३. या शेवटच्या विस्ताराने पुणे महापालिकेने क्षेत्रफळात मुंबईलाही मागे टाकले. पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावे पुन्हा वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. दुसरीकडे हिंजवडीत आयटी पार्क, चाकण-रांजणगावात कारखाने आले आणि त्यांच्या भोवतीच्या गावांची शेते गृहप्रकल्पांत गेली.

गाव महापालिकेत जाते तेव्हा सगळ्या गावाला ते सारखे लागू होत नाही. ज्याच्या नावावर स्वच्छ सात-बारा आहे, त्याच्यासाठी तो भाग्योदय असतो. ज्याच्या नावावर जमीनच नाही, किंवा आहे पण अटींनी बांधलेली आहे, त्याला मात्र फक्त वाढलेले भाडे, वाढलेला कर आणि बंद झालेली शेतमजुरी मिळते. कोण कोणत्या बाजूला पडेल हे बऱ्याच अंशी जातीने आधीच ठरवून ठेवलेले आहे. ते कसे, हे पाहण्यासाठी जुन्या गावाच्या रचनेकडे जावे लागते.

महारवाडा कुठे होता?

महाराष्ट्रातल्या जुन्या गावाची मांडणी बहुतेकांना माहीत आहे. पाटील-कुलकर्ण्यांचे वाडे उंचावर, गावठाणाच्या मध्यावर. महारवाडा आणि मांगवाडा गावकुसाबाहेर, बहुधा ओढ्याच्या खालच्या अंगाला, सखल भागात. वरचे पाणी गावाने वापरायचे आणि खाली उरलेले पाणी आपण, असा तो हिशेब होता. विटाळाच्या कल्पनेने घरांची जागा ठरली आणि त्या जागेने पुराचा धोकाही वाटून दिला.

शहर पसरले तेव्हा या रचनेला दोन उलट गोष्टी घडल्या. गावाच्या कडेची, टाकाऊ समजली गेलेली जमीन शहराच्या रस्त्यालगत आली आणि तिला सोन्याचा भाव आला. तिथे तिच्या जुन्या धारकाला टिकू न देण्यासाठी कागदांचा खेळ सुरू झाला. आणि जी जमीन खरोखरच धोक्याची होती, म्हणजे ओढ्याचा काठ, नदीचे पात्र, खाणीचा खड्डा, कचरा डेपोची शेजारची बाजू, तिथे गरिबांची नवी वस्ती उभी राहिली. दुष्काळाने आणि बेरोजगारीने गाव सोडून आलेल्या आपल्या माणसांना शहराने हीच जागा दिली.

बाबासाहेबांनी अस्पृश्यांना खेडे सोडून शहराकडे जाण्याचा सल्ला दिला, तो खेडे म्हणजे जातीचा कारखाना आहे हे ओळखून. तो सल्ला योग्यच होता. शहराने शिक्षण दिले, नोकरी दिली, चळवळ दिली. पण शहराच्या नकाशातही गावकूस आहे, ते विटांचे नाही तर आरक्षणांचे आणि पूररेषांचे आहे, हे आता आपल्याला वाचता आले पाहिजे.

वतनाची जमीन : हक्क दिला, पण अट घालून

महार वतन ही गावकामगार म्हणून वर्षभर राबण्याच्या बदल्यात मिळालेली तुटपुंजी जमीन होती. तिच्यामुळे माणूस गावाशी बांधला जायचा आणि वेठबिगारी कायम राहायची. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. वतन हा मान नसून गुलामी आहे, ही त्यांची भूमिका होती.

स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या मुंबई कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायद्याने ही पद्धत संपली. वतनाची जमीन सरकारजमा झाली आणि ठरावीक रक्कम भरल्यावर ती मूळ वतनदारांना पुन्हा देण्याची तरतूद झाली. मात्र या पुनर्प्रदानाला ‘नवीन शर्त’ जोडली गेली. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि शासनाला नजराणा भरल्याशिवाय ही जमीन बिगरशेती वापरासाठी विकता येत नाही. सात-बारावर अशा जमिनीच्या धारकाला ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणतात. पाटलाच्या वडिलोपार्जित शेतावर बहुधा ‘भोगवटादार वर्ग १’ असे लिहिलेले असते.

ही अट ठेवण्यामागचा हेतू चांगला होता. गरजेपोटी आणि दबावाखाली दलितांची जमीन कवडीमोलाने जाऊ नये, हा तो हेतू. पण शहराच्या कडेला या अटीचा परिणाम वेगळा झाला. तो टप्प्याटप्प्याने असा घडतो.

पहिल्या टप्प्यात पुनर्प्रदानाची रक्कम अनेक कुटुंबांनी वेळेत भरलीच नाही. कुणाला माहीत नव्हते, कुणाकडे पैसे नव्हते. त्यामुळे कसणारा आपला माणूस असला तरी सात-बारावर नाव ‘सरकार’चे राहिले. दुसऱ्या टप्प्यात पिढ्या वाढल्या, वारस नोंदी झाल्या नाहीत आणि एका गटाला शंभर-दोनशे वारस झाले. त्यातले निम्मे मुंबई, कल्याण, नाशिकला पांगले. तिसऱ्या टप्प्यात जमीन ‘अडकलेली’ म्हणून बँक कर्ज देत नाही, बिल्डर थेट खरेदी करत नाही. मग मध्यस्थ येतो. तो घरोघरी जाऊन थोड्या रकमेवर कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेतो. चौथ्या टप्प्यात विकास आराखडा येतो, जमीन रहिवासी विभागात जाते, किंमत उसळते आणि मुखत्यारपत्र हातात असलेला माणूस नजराणा भरून किंवा तो चुकवण्याचा मार्ग शोधून व्यवहार पूर्ण करतो. वाढलेल्या किमतीचा मोठा वाटा अशा रीतीने ज्याच्याकडे वेळ, वकील आणि माहिती आहे त्याच्याकडे जातो.

कायद्याने संरक्षण म्हणून घातलेली अट, माहिती आणि पैसा नसलेल्या माणसासाठी अडथळा ठरते आणि माहिती असलेल्या माणसासाठी स्वस्तात जमीन मिळवण्याची संधी ठरते.

मगरपट्टा आणि मुंढवा : शेजारी-शेजारी दोन कहाण्या

हा फरक पाहायचा असेल तर पुण्याच्या पूर्वेला हडपसर-मुंढवा भागात जावे. मुठेच्या कालव्यामुळे हा पट्टा एकेकाळी ऊस आणि भाजीपाल्याचा होता. शहर जवळ आले तेव्हा हडपसरच्या मगर मंडळींनी जमिनी सुट्या-सुट्या न विकता एकत्र केल्या, कंपनी स्थापन केली आणि जमिनीच्या प्रमाणात भागीदारी घेतली. सुमारे ४०० एकरांवर मगरपट्टा सिटी उभी राहिली. शेतकरी भागधारक झाला, त्याच्या मुलांना त्याच वसाहतीत व्यवसाय मिळाले. नगररचनेच्या अभ्यासात हे उदाहरण देशभर गौरवाने सांगितले जाते आणि त्यात कौतुकाचे आहेही.

पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारायलाच हवा. या शेतांवर खुरपणी करणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या भूमिहीन बाया-माणसांचा वाटा कुठे आहे? भागीदारी जमिनीच्या मालकीवर ठरली. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याला भाग नव्हता. शेत गेले तेव्हा मालकाला भांडवल मिळाले आणि मजुराची मजुरी गेली. त्यातले काही आज तिथेच सुरक्षारक्षक, सफाई कामगार, घरकामगार आहेत.

त्याला लागूनच मुंढवा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीच्या व्यवहारावरून राज्यभर गदारोळ झाला. कागदोपत्री सरकारची मालकी असलेली जमीन मूळ वतनदारांच्या वारसांच्या मुखत्यारपत्राआधारे सुमारे ३०० कोटींना विकल्याचे आणि मुद्रांक शुल्कात मोठी सवलत घेतल्याचे समोर आले. शासनाने चौकशी समिती नेमली, नोंदणी अधिकाऱ्यावर निलंबनाची कारवाई झाली आणि नंतर व्यवहार रद्द करत असल्याचे जाहीर झाले. वाहिन्यांवर चर्चा झाली ती कोणत्या नेत्याच्या घरापर्यंत हे प्रकरण जाते याची. ज्यांच्या पूर्वजांची ती जमीन, त्या कुटुंबांना शेवटी काय मिळणार, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. व्यवहार रद्द झाला तर जमीन सरकारकडे जाईल, कायम झाला तर कंपनीकडे. वारस दोन्हीकडे बाहेरच.

एका बाजूला वर्ग १ ची जमीन आणि संघटित जात, दुसऱ्या बाजूला वर्ग २ ची जमीन आणि पांगलेले वारस. मधे अंतर काही किलोमीटरचेच. जमिनीचा वापर दोन्हीकडे बदलतो आहे, पण बदलाचा धनी वेगळा आहे.

आंबिल ओढा : पाणी आपली वाट विसरत नाही

आता जमिनीवरून पाण्याकडे येऊ. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा आंबिल ओढा कात्रजच्या तलावांतून धनकवडी, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, पर्वती असा वाहत दांडेकर पुलाजवळून मुठेला मिळतो. एकेकाळी या ओढ्याच्या दोन्ही बाजूंना शेते आणि माळरान होते. पाऊस पडला की निम्मे-अधिक पाणी मातीत मुरायचे आणि उरलेले सावकाश ओढ्यात यायचे.

डोंगरउतारावर इमारती, काँक्रीटचे रस्ते आणि सिमेंटचे वाहनतळ झाले की मुरणे थांबते. तेवढाच पाऊस पडला तरी ओढ्यात येणारे पाणी वाढते आणि ते एकदम येते. त्याच वेळी ओढ्याच्या काठावर राडारोड्याचा भराव टाकून सोसायट्या उभ्या राहतात, सीमाभिंती पात्रात घुसतात, कमी व्यासाचे नळ टाकून वर रस्ता केला जातो. पाणी वाढले आणि वाट अरुंद झाली. पुढे काय होणार ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ते झाले. काही तासांच्या मुसळधार पावसाने आंबिल ओढा काठ सोडून वस्त्यांत शिरला. पुणे शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे मेली. गाड्या, गुरे, संसार वाहून गेले.

ओढ्यावरचा ताण वरच्या अंगाला असलेल्या बांधकामांनी वाढवला, त्याचा सर्वांत मोठा फटका खालच्या अंगाच्या वस्त्यांना बसला. आणि उपाय म्हणून कारवाई झाली ती पुन्हा खालच्याच अंगाला. जून २०२१ मध्ये, करोनाच्या काळात आणि ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळच्या आंबिल ओढा वस्तीतली घरे पाडायला पोलीस बंदोबस्तात यंत्रे आली. ओढ्याचे पात्र सरळ आणि रुंद करायचे आहे, असे महापालिकेचे म्हणणे होते. आम्हाला बिल्डरच्या पुनर्वसन प्रकल्पासाठी हटवले जात आहे, असे रहिवाशांचे म्हणणे होते. न्यायालयाच्या स्थगितीनंतर त्या दिवशीची कारवाई थांबली, पण तोवर अनेक घरे जमीनदोस्त झाली होती.

ओढ्याच्या पात्रात घर असू नये, हे खरेच आहे. ते तिथे राहणाऱ्यांच्याच जिवावर बेतते. पण ‘अतिक्रमण’ हा शब्द पत्र्याच्या घरालाच लागतो आणि नकाशा मंजूर करून घेतलेल्या सीमाभिंतीला लागत नाही, तेव्हा तो पर्यावरणाचा शब्द राहत नाही. पूररेषेचा नियम सगळ्यांना एकच असला पाहिजे. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नको, असा नियम आहे. नदीकाठची पाटील इस्टेटसारखी वस्ती दर मोठ्या विसर्गाला पाण्यात जाते. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडले तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या मध्यमवर्गीय सोसायट्यांतही पाणी शिरले. नदी जात पाहत नाही. मात्र पाणी ओसरल्यावर विमा, बचत आणि कागदपत्रे कुणाकडे असतात आणि कुणाकडे नसतात, यात जात दिसते.

टेकडी आपली कशी?

पुण्याखाली बेसॉल्टचा काळा खडक आहे. या खडकात पाणी भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात साठते. ते तिथे पोहोचते टेकड्यांच्या उतारांवरून आणि उघड्या माळांवरून. म्हणून टेकडी ही फक्त सकाळी फिरायची जागा नाही, ती शहराची पाण्याची टाकी आहे.

१९९७ मध्ये आलेल्या गावांतल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टर क्षेत्र ‘जैवविविधता उद्यान’ म्हणून राखायचे ठरले. दीर्घ वादानंतर २०१५ मध्ये शासनाने या आरक्षणावर शिक्कामोर्तब केले. जमीनमालकांना किती मोबदला द्यायचा यावर वाद आजही सुरू आहे आणि तोवर टेकड्या पायथ्याकडून कुरतडल्या जात आहेत.

यात आपले काय? नळाचे पाणी अपुरे पडते तेव्हा सोसायटी टँकर मागवते. वस्तीतली बाई हंडा घेऊन रांगेत उभी राहते. विहिरी आणि हातपंप आटले की पहिला फटका तिला बसतो. झाडे गेली आणि सिमेंट वाढले की रात्रीही हवा तापलेली राहते. पत्र्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला, बांधकामावरच्या मजुराला, रस्ता झाडणाऱ्याला ती उष्णता चुकवता येत नाही. वातानुकूलित खोलीत बसलेल्या माणसासाठी टेकडी ही आवड असेल, आपल्यासाठी ती गरज आहे.

कचरा नेमका कुठे जातो?

जमिनीच्या वापराचा आणखी एक प्रकार आहे, ज्यावर जाहिराती निघत नाहीत. शहराने टाकून दिलेल्या वस्तू ठेवण्यासाठीही जमीन लागते. पुण्याने ती उरुळी देवाची आणि फुरसुंगीत शोधली. जुन्या खाणींच्या जागेवर वर्षानुवर्षे कचरा टाकला गेला. पाझरणाऱ्या काळ्या पाण्याने भोवतालच्या विहिरी बिघडल्या, आगी लागून धूर पसरला, माश्यांनी जेवण अवघड केले. ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या, आंदोलने केली, तेव्हा कुठे शास्त्रीय प्रक्रियेची भाषा सुरू झाली.

मुंबईत हीच गोष्ट देवनारची. १९२७ पासून तिथे कचरा पडतो आहे. डेपो ज्या एम-पूर्व विभागात आहे तो विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात तळाशी होता आणि तिथले सरासरी आयुर्मान ४० वर्षांच्याही खाली नोंदवले गेले. एकाच महानगरात जन्माच्या पत्त्यावर आयुष्याची लांबी ठरते, यापेक्षा स्पष्ट पुरावा आणखी कोणता हवा?

पण याच विषयात एक उजळ बाजूही आहे. पुण्यातल्या कचरावेचक महिलांनी, ज्यांत बहुसंख्य दलित समाजातल्या आहेत, १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना बांधली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. त्या दारोदार जाऊन कचरा गोळा करतात, वेगळा करतात आणि पुनर्वापरासाठी पाठवतात. त्यांनी उचललेला प्रत्येक किलो डेपोत जात नाही. पर्यावरणाचे काम आपला समाज करतच आला आहे. त्याला ते नाव आणि तो मोबदला मिळाला नाही, एवढेच.

गायरान : शेवटचा तुकडा

गावाची सामाईक जमीन म्हणजे गायरान. गुरांना चारा, गरिबांना सरपण, पावसाच्या पाण्याला मुरायला जागा. भूमिहीनांसाठी हीच जमीन जगण्याचा आधार झाली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह आपल्या चळवळीतले सोनेरी पान आहेत. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी घेऊन हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या दबावातूनच पुढे १४ एप्रिल १९९० पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये झाला. मराठवाड्यात त्याचा काहींना लाभ झाला, अनेकांचे प्रस्ताव आजही तहसील कार्यालयात धूळ खात आहेत.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. तो निकाल धनदांडग्यांनी तळी आणि गायराने बळकावण्याविरुद्ध होता. भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाने रीतसर दिलेल्या जमिनींसारखे अपवाद त्यात स्पष्ट ठेवले आहेत. तरी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या तेव्हा घाबरून गेली ती गायरानावर घर आणि दोन एकर कसणारी कुटुंबे. गाजावाजा झाल्यावर सरकारने भूमिका थोडी सौम्य केली, पण टांगती तलवार कायम आहे.

दुसरीकडे, शहरालगतची गायराने कचरा प्रकल्प, वीज उपकेंद्र, सरकारी कार्यालये अशा ‘सार्वजनिक कामां’साठी सहज दिली जातात. सार्वजनिक काम गरजेचे असते, यात शंका नाही. पण भूमिहीनाच्या राहत्या घरालाही सार्वजनिक हित म्हणावे, असे कुणाला सुचत नाही.

रोहिणीचे पाणी

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला वाद मांडला आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून वैराग्य आले ही रूढ कथा त्यांना पटली नाही. पाण्याच्या वाटणीवरून युद्ध करायला सिद्धार्थाने नकार दिला, ही कथा त्यांनी पुढे ठेवली. म्हणजे आपल्या धम्माच्या कथेच्या सुरुवातीलाच नैसर्गिक संपत्तीचे न्याय्य वाटप हा प्रश्न आहे.

प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत आपण वर्षावासाच्या प्रवचनांत ऐकतो. हे आहे म्हणून ते होते, हे नसेल तर ते होत नाही. कात्रजच्या उतारावरचा सिमेंटचा थर आणि दांडेकर पुलाजवळच्या घरात शिरलेले पाणी यांचा संबंध हाच आहे. १९५९ मध्ये न भरलेली पुनर्प्रदानाची रक्कम आणि २०२५ मधला कोट्यवधींचा व्यवहार यांचाही. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि कारण दूर करता येते, ही धम्माची शिकवण सामाजिक दुःखालाही लागू आहे.

आपण काय करू शकतो?

वस्तीत काम करताना एक प्रश्न सतत कानावर येतो : “ताई, नकाशात आपलं काय दाखवलंय?” हा प्रश्न वस्तीवर नोटीस लागल्यावर विचारला जातो. तो आधी विचारला गेला पाहिजे. त्यासाठी काही साध्या गोष्टी :

१. सात-बारा आणि फेरफार काढा. गावाकडे वतनाची जमीन होती असे घरात बोलले जात असेल तर महाभूलेखवर सात-बारा पाहा. भोगवटादार वर्ग, इतर अधिकारातल्या नोंदी आणि जुने फेरफार तपासा. वारस नोंद राहिली असेल तर तलाठी कार्यालयात अर्ज करा.

२. मुखत्यारपत्रावर सही करण्याआधी थांबा. मोबदला कितीही मोठा वाटला तरी वकिलाला कागद दाखवा. शक्य असेल तिथे सगळ्या वारसांनी एकत्र बसून ठरवावे. मगरपट्ट्याचा धडा हाच आहे की एकटा शेतकरी विकतो, एकत्र आलेले शेतकरी भागीदार होतात.

३. प्रारूप विकास आराखड्यावर हरकत नोंदवा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ नुसार आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी मुदत मिळते. ती साधारण ३० दिवसांची असते आणि पटकन संपते. आपली वस्ती, विहार, स्मशानभूमी, अभ्यासिका नकाशात दाखवली आहे का, तिच्यावरून रस्ता गेला आहे का, हे पाहून लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

४. विहाराचे कागद नीट करा. अनेक विहार मोकळ्या जागेवर, लोकवर्गणीतून उभे आहेत. जागेचा ठराव, मोजणी, मिळकत कर, ट्रस्टची नोंदणी यांची फाइल आजच तयार करा. रस्ता रुंदीकरणाची नोटीस आल्यावर ही फाइल एका दिवसात होत नाही.

५. घराचे पुरावे पुरात वाहू देऊ नका. झोपडीधारकाचे संरक्षण जुन्या पुराव्यावर अवलंबून असते. १ जानेवारी २००० पूर्वीचा आणि सशुल्क पुनर्वसनासाठी २०११ पर्यंतचा पुरावा महत्त्वाचा आहे. फोटोपास, वीजबिल, मतदार यादीतील नाव यांच्या प्रती मोबाइलमध्ये आणि नातेवाइकाकडे ठेवा.

६. ओढा आणि टेकडीच्या लढ्यात सामील व्हा. टेकडी वाचवणाऱ्या गटांच्या बैठकांना जा. तिथे आपला प्रश्न मांडा : ओढा मोकळा करायचा तर वरच्या अंगापासून करा आणि विस्थापितांना त्याच प्रभागात पक्के घर द्या. आपण तिथे नसलो तर पर्यावरणाच्या नावाने पहिला बुलडोझर आपल्याच दारात येईल.

विहारात दर रविवारी वंदना होते. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर तासभर कागदपत्रांचा वर्ग घेता येईल. वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी नकाशा उघडून दाखवावा, वृद्धांनी गावाकडच्या जमिनीच्या आठवणी सांगाव्यात, एखाद्या वकील बंधू-भगिनीने फेरफार कसा वाचायचा ते शिकवावे. यासाठी निधी लागत नाही, परवानगी लागत नाही.

‘शिका’ या शब्दात पदवीबरोबर सात-बारा वाचणेही येते. ‘संघटित व्हा’ यात दोनशे वारसांनी एका सतरंजीवर बसणे येते. आणि शहराच्या पुढच्या आराखड्यात आपली वस्ती कोणत्या रंगात असेल हे ठरण्यापूर्वी तिथे आपली हरकत पोहोचवणे, हा आजचा संघर्ष आहे.

जय भीम.